तीन खाचांचे दार

मी एक जुने दार आहे. घराच्या मागच्या भिंतीत मला बसवलेले आहे. कडी काढून मला आत ओढले, की पलीकडे अंगण दिसेल असे कुणालाही वाटते. पण पलीकडे विटा आहेत. घरी पहिल्यांदा आलेला माणूस हसतो आणि विचारतो, "हे काय, भिंतीला दार?" मित्रांनो, तुम्हीही हसा. हसून झाले की माझी हकीकत ऐका.

मला घडवणारा सुतार फार बोलत नसे. त्याला या घरासाठी एकूण तीन दारे करायची होती. पुढचे, मधले आणि मागचे. मी मागचे. तिन्ही दारे एकाच लाकडाची आणि एकाच उंचीची. रंधा मारून आम्हाला ओळीने भिंतीला टेकवले तेव्हा आमच्यात कोण कोणते हे आम्हालाही सांगता आले नसते. मग सुताराने पटाशी घेतली आणि पुढच्या दाराच्या कडेला, वरच्या बिजागरीच्या वर एक खाच मारली. मधल्या दाराला दोन मारल्या. मला तीन. आणि तशाच खाचा त्याने चौकटींवरही मारल्या. पुढच्या चौकटीला एक, मधल्या चौकटीला दोन, मागच्या चौकटीला तीन.

घर बांधणारे गृहस्थ म्हणाले, "अहो मिस्त्री, नवीन दाराला कशाला कोचताय?"

"दिसायला तिन्ही सारखी आहेत," सुतार म्हणाला. "पण एकाच्या चौकटीत दुसरं बसायचं नाही. पुढे-मागे फुगली, उतरवावी लागली, तर कोणतं कुठलं हे कळायला नको? आणि दार चौकटीत बसलं की खाच झाकली जाते. कुणाला दिसणार आहे?"

खरेच, पुढे कुणाला दिसली नाही. तोच तर सगळा घोटाळा झाला. पण ते नंतर सांगते.

माझ्यामागे अंगण होते. फार मोठे नव्हते. दोन खाटा टाकल्या तर चालायला वाट उरेल एवढेच. त्याच्या तिन्ही बाजूंना कुंपण. एका कुंपणाला घराशेजारच्या बोळात उघडणारे फाटक, आणि दुसऱ्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे घर. दुपारपर्यंत तिथे ऊन असे. घर बांधणाऱ्या गृहस्थांचा मुलगा पुढे नळखात्यात फिटर झाला. त्याचे लग्न झाले आणि घरात सून आली. ती शिवणकाम करायची. गल्लीत सगळे तिला शिवणकाकू म्हणू लागले आणि त्याला फिटरकाका. मीही तेच म्हणते.

शिवणकाकूंना ऊन फार आवडे. सकाळची कामे आटोपली, की त्या मला उघडत, पायाने एक वीट सरकवून मला अडकवत आणि मशीन उंबऱ्याशी ओढून शिवायला बसत. सुई ओवायला उजेड बरा पडतो, असे म्हणत. पण मला ठाऊक आहे, उजेड हे निमित्त होते. मध्येच त्या मशीन थांबवत आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसत. कुंपणाजवळ त्यांनी एक लिंबाचे रोप लावले. कपडे धुतलेले पाणी त्याला, भांडी धुतलेले पाणी त्याला. फिटरकाका थट्टा करत.

"नळखात्यातला नवरा केलास, आणि झाडाला पाणी खरकटं."

"तुमच्या नळाला पाणी असतं कुठे?" काकू म्हणत.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. दिवसातून मी कितीदा तरी उघडत असे. दाराला आणखी काय हवे?

मग एकदा चोरी झाली. फिटरकाकांना खात्याने दुसऱ्या गावी मोठी जलवाहिनी टाकायला पाठवले होते. ते काही महिने तिकडेच होते. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि मी उघडे होते. कुणीतरी कुंपणावरून आले आणि मशीनवर ठेवलेले गिऱ्हाइकांचे कापड उचलून घेऊन गेले. काकूंनी सगळ्यांना नवीन कापड आणून दिले. पण त्या हादरल्या. एकट्या बाईने घर सांभाळायचे, वर लोकांची वस्तू घरात. त्यांनी गवंड्याला बोलावले.

"हे दार काढा आणि चौकट आहे तशी ठेवून आत विटा भरा," त्या म्हणाल्या. "वरून गिलावा करा. अंगणात मी बोळातून जाईन."

"दार भंगारात देऊ का?" गवंड्याने विचारले.

"चांगलं जाड लाकूड आहे. भंगारात कसलं देताय? मला कापड बेतायला टेबल हवंच आहे."

अशा रीतीने मी आडवे झाले. माझ्याखाली दोन लाकडी घोड्या आल्या. काकूंनी माझ्यावर जाड कांबळे घातले. इस्त्री करताना ते सरकू नये म्हणून चारही कडांवरून खाली ओढून घेतले आणि मोठ्या सुईने जाड दोऱ्याने शिवून टाकले. उशीला अभ्रा शिवतात तसे. वर पांढरी चादर. बिजागऱ्यांची पाती, खाचा, कडी, सगळे आत गेले. दिसायला मी एक टेबल झाले. कडी तेवढी कांबळ्याच्या आत, खालच्या अंगाला लोंबत राहिली.

फिटरकाका परत आले तेव्हा त्यांनी बुजवलेली भिंत पाहिली.

"दाराचं काय केलंस गं?"

"लावलं कामाला," काकू म्हणाल्या.

ते प्रवासाने दमले होते. बरं म्हणाले आणि आंघोळीला गेले. पुन्हा कधी त्यांनी विचारले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षे टेबल घरात होते, मग त्या माणसाला कळले कसे नाही? त्याचेही कारण आहे. फिटरकाकांच्या हातांना कायम वंगण असे. नळाचे, पाइपाचे, मशीनचे काळे तेल. साबणाने हात धुतले तरी नखांत राहायचे. टेबल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यावर हात टेकला. तिथे कुणाचा तरी नवा पांढरा सदरा होता. त्यावर पाचही बोटे उठली. काकू तो सदरा घेऊन दिवसभर घासत बसल्या. संध्याकाळी त्यांनी घराला कायदा घालून दिला.

"आजपासून या टेबलाला तुम्ही हात लावायचा नाही. जवळसुद्धा यायचं नाही. काही हवं असेल तर उंबऱ्यात उभं राहून मागायचं."

"स्वतःच्या घरात?"

"स्वतःच्या घरात."

आणि त्यांनी तो कायदा पाळला. निवृत्त झाले, हात स्वच्छ झाले, तरी पाळला. चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे आणि काकूंचे काम बघायचे. काकू इस्त्रीवर जोर देऊ लागल्या, की आतून माझी कडी वाजायची. दबका आवाज, पण यायचा.

"तुझ्या टेबलात काय वाजतं गं?"

"माझं टेबल आहे. वाजेल, नाहीतर गाईल. तुम्ही लांब राहा."

मग दोघे हसायचे. मीही मनात हसायचे. आज वाटते, मी तेव्हा आणखी जोरात वाजायला हवे होते.

टेबल म्हणूनही माझे दिवस वाईट गेले नाहीत. किती कापड माझ्यावर पसरले गेले, किती खडूच्या रेघा ओढल्या गेल्या. काकूंची लेक माझ्याखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. तिचे लग्न ठरले तेव्हा तिचे कपडे माझ्यावरच बेतले. गिऱ्हाइके म्हणायची, "काकू, टेबल काय भक्कम आहे हो!" काकू माझ्यावर थाप मारत आणि म्हणत, "आहेच मुळी. घरचं आहे."

अंगण आता बोळातून वापरले जाई. लिंबाचे झाड वाढले. शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ होते. एकदा त्यांनी कुंपणावरून विचारले, "वहिनी, माझी शिडी आणि दोन पिंपं तुमच्या अंगणात ठेवू का? आमच्याकडे जागा नाही." काकू म्हणाल्या, "अहो ठेवा की. त्यात विचारायचं काय?" शिडीच्या पाठोपाठ पत्रे आले, पत्र्यांच्या पाठोपाठ सायकल आली. त्यांच्या सोयीसाठी मधले कुंपण काढले. कुणी काही लिहून घेतले नाही. चांगल्या माणसांत तसे कुणी घेत नाही.

मग ते म्हातारे गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा बाहेरगावी वाढलेला, तो राहायला आला. त्याला गल्लीत धाकटा म्हणत. त्याने पाहिले, अंगणात सगळे सामान आपल्या वडिलांचे. त्याने घराची कागदपत्रे काढली. त्यांत लिहिले होते, 'मागील मोकळी जागा.' कुणाची, कुठून कुठपर्यंत, ते धड लिहिलेले नव्हते. आमच्या घराच्या कागदांतही तसेच होते. धाकट्याला तिथे मालाचे गोदाम बांधायचे होते. तो कोर्टात गेला आणि म्हणाला, जागा माझी आहे.

त्याच सुमारास शिवणकाकू आजारी पडल्या. हृदय कमजोर झाले होते. चार पावले टाकली तरी धाप लागे. त्यांची खाट पुढच्या खोलीत टाकली आणि मी मागच्या खोलीत एकटे राहिले. डॉक्टरांनी फिटरकाकांना बाजूला घेऊन सांगितले, "यांच्या मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका." फिटरकाकांनी ते गाठीला बांधले. तळहाताच्या फोडासारखे त्यांनी बायकोला जपले. पेज करायला शिकले, वेणी घालायला शिकले. वेणी वाकडी यायची. काकू आरशात बघून म्हणायच्या, "ही काय पाइपाला सुतळी गुंडाळलीय?"

कोर्टातले मात्र ते घरात बोलत नसत. अंगणाचा दावा लागला आहे, एवढेच काकूंना ठाऊक होते.

काकांनी खटल्यासाठी एक वकीलबाई केल्या होत्या. त्या एकदा घरी आल्या. तरुण पण हुशार. मागच्या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, काकूंची साक्ष घेऊ या. घरात वावर त्यांचा. अंगणाचं त्यांना जास्त ठाऊक असेल."

"ती कोर्टाच्या पायऱ्या चढू शकत नाही."

"चढायची गरज नाही. आजारी माणसाची साक्ष घरी येऊन घेता येते. तसा अर्ज करते मी."

"नको," फिटरकाका म्हणाले. "समोरचा वकील येऊन तिला उलटसुलट विचारणार. तिला सोसायचं नाही. तिला यात ओढू नका. मी आहे ना, मी सांगतो सगळं."

मित्रांनो, मी तिथेच होते. वकीलबाईंनी हातातली पिशवी माझ्यावर ठेवली होती. फिटरकाका सवयीने म्हणाले, "पिशवी खाली ठेवा हां. तिला टेबलावर चालत नाही."

मग त्यांची साक्ष झाली. समोरच्या वकिलांनी त्यांना विचारले, "तुमच्या घराच्या मागच्या भिंतीला अंगणात उघडणारं दार आहे?"

"आता नाही. पूर्वी होतं."

"पूर्वी होतं, तर गेलं कुठे?"

फिटरकाकांनी डोके खाजवले. ते म्हणाले, "बायकोने दिलं असेल कुणाला तरी."

ते वाक्य लिहून घेतले गेले. मग ते वकील न्यायाधीशांना म्हणाले, "ज्या घराचं त्या बाजूला दारच नाही, त्या घराची ती जागा कशी म्हणायची?"

हे सगळे मला पुढे कळले, बोलण्यांतून. पण त्या संध्याकाळी जे झाले ते मी स्वतः ऐकले. दोन खोल्यांच्या मध्ये माझे भावंड आहे ना, दोन खाचांचे, ते उघडे होते.

काकूंनी विचारले, "दाराचं विचारलं का हो त्यांनी?"

"विचारलं."

"मग? दाखवलंत?"

काकांना वाटले, कागदपत्रांचे म्हणते आहे. वाद नको, विषय वाढायला नको. ते म्हणाले, "हो, हो. सगळं दाखवलं."

"नीट परत ठेवलं ना? कांबळं उसवलं असेल."

"ठेवलं गं. तू बोलू नकोस फार. धाप लागेल."

"मग झालं," काकू म्हणाल्या. "मग अंगण आपलंच."

त्यांचा जीव भांड्यात पडला. कांबळ्याचा उल्लेख ऐकूनही काकांना काही सुचले नाही. त्यांना वाटले, पांघरुणाचे म्हणते. त्यांनी उठून तिचे पांघरूण नीट केले. मागच्या खोलीत मी होते, अंगावर कांबळे शिवलेले. एक प्रश्न उलट विचारला असता, 'काय दाखवू?' एवढाच, तर ती मला बोटाने दाखवणार होती.

खालच्या कोर्टाचा निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. काकांनी घरी येऊन सांगितले, "जिंकलो." लेकीलाही तेच सांगायला लावले. काकू खूश झाल्या. म्हणाल्या, "बरी झाले की उन्हात खाट टाका माझी." त्या बऱ्या झाल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात गेल्या. अंगण आपले आहे असे समजून गेल्या. फिटरकाकांना त्याचे समाधान वाटावे की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक त्यांनाही येत नसावे.

लेक आईचे सामान आवरायला राहिली. साड्या कुणाला, मशीन कुणाला, असे चालले होते. मग ती माझ्याजवळ आली.

"बाबा, हे टेबल शेजारच्या शिंपीणबाईंना देऊ? कांबळं फाटलंय, ते काढून टाकते आधी."

"बघ तुला काय ते," काका उंबऱ्यातून म्हणाले. अजून ते उंबऱ्यातच उभे राहत.

तिने कात्री घेतली आणि आईचे टाके उसवायला लागली. टाके पक्के होते. कांबळे निघाले आणि कितीतरी वर्षांनी मला उजेड लागला. कडी सुटली आणि खणकन वाजली.

"बाबा," लेक म्हणाली. "हे टेबल नाहीये. हे दार आहे."

फिटरकाका आत आले. एवढी वर्षे ज्या टेबलाला हात लावायला बंदी होती, त्याच्यापाशी आले. त्यांनी कडी धरली. बिजागरीवरून अंगठा फिरवला. कडेच्या तीन खाचा बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या. सुताराच्या खाचांची गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकली होती. मग पुढच्या दाराकडे गेले, पाचरीने बिजागरी सैल करून बघितली. एक खाच. मधल्या दाराला दोन. हातोडी आणून त्यांनी मागच्या भिंतीचा गिलावा फोडला. आतून चौकट निघाली, तिच्यावर तीन खाचा.

ते खाली बसले. लेकीला वाटले, आनंद झाला असेल. ती म्हणाली, "बाबा, पुरावा मिळाला! आता अपिलात..." काकांनी मान वर केली नाही. ते एवढेच म्हणाले, "दाखवलंत का, म्हणाली होती. मी हो म्हटलं."

मित्रांनो, अपील म्हणजे काय ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते. खालच्या कोर्टाचा निकाल चुकला असे वाटले, तर वरच्या कोर्टाकडे दाद मागता येते. पण वरचे कोर्ट खटला पुन्हा पहिल्यापासून चालवत नाही. खाली जे पुढे आले होते, तेच तपासून बघते. नवीन पुरावा द्यायचा असेल तर आधी परवानगी मागावी लागते. आणि सांगावे लागते की हा आम्ही खूप शोधला, तरी तेव्हा मिळणे शक्य नव्हते.

वकीलबाईंनी मला पाहिले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हे होतं कुठे?"

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"तुम्ही पिशवी ठेवली होती त्याच्यावर."

वकीलबाईंनी चौकटीचे फोटो काढून घेतले. "अर्ज करते," त्या म्हणाल्या. "पण काका, अवघड आहे."

मला हातगाडीवर घालून कोर्टात नेले. व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभे केले. कितीतरी वर्षांनी मी उभे राहिले होते. पट्टेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हो, कोर्टाला दारं कमी पडली का?"

"एक कमी पडलं, त्याचीच तर तक्रार आहे," काका म्हणाले.

तो हसला. काकाही हसले. मग नावाचा पुकारा झाला.

मला न्यायाधीशांच्या समोर आणले. वकीलबाईंनी चांगले सांगितले. तीन दारे, तीन चौकटी, खाचा, सुताराची रीत. चौकटीचे फोटो दिले. समोरचे वकील उठले. त्यांनी मला खोटे म्हटले नाही. ते फक्त म्हणाले, "या गृहस्थांनी शपथेवर सांगितलं होतं की दार कुणाला तरी दिलं. आज ते त्यांच्याच घरातून निघालं. घरातली वस्तू शोधायला निकाल विरुद्ध लागावा लागतो का?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. वयस्क होते, आवाज मऊ होता. त्यांनी काकांनाच विचारले, "तुम्हाला दार माहीत नव्हतं?"

"नव्हतं साहेब. बायकोला होतं."

"मग पत्नीची साक्ष का घेतली नाही?"

"आजारी होती. अंथरुणाला खिळली होती."

"आजारी माणसाची साक्ष घरी जाऊन घेता येते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

वकीलबाईंनी खाली बघितले. तेव्हा काका गप्प राहिले असते, तर कदाचित दोष वकीलबाईंवर गेला असता. पण काकांना खोटे बोलून एकदा पुरे झाले होते.

"बाईंनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच नको म्हटलं. तिला त्रास होईल म्हणून."

"निदान घरी विचारलं होतं? दार कुठे आहे म्हणून?"

"तीच विचारत होती, साहेब. मी ऐकून घेतलं नाही."

मग न्यायाधीश म्हणाले, "दार खरं असावं, असं मलाही वाटतं. पण ते मी आज विचारात घेऊ शकत नाही. साधी चौकशी केली असती तर हे पहिल्याच कोर्टात आलं असतं. जो हरला त्याने घरी जाऊन नवीन काही शोधावं आणि पुन्हा यावं, असं चालू दिलं तर कोणताच निकाल कधी पक्का होणार नाही."

मित्रांनो, मी त्यांच्यावर रागावले नाही. नियम वाईट नव्हता. उद्या धाकटाही काहीतरी शोधून आणू शकला असता. खटल्याला कुठेतरी शेवट हवाच. माझ्या बाबतीत तो चुकीच्या जागी आला, एवढेच. अर्ज फेटाळला. पुढे अपीलही फेटाळले गेले. मी खरे होते आणि उशिरा आले होते, त्यातले उशिरा तेवढे लक्षात घेतले गेले.

अर्ज फेटाळला त्या दिवशी धाकटा व्हरांड्यात थांबला होता. मला बघत होता. म्हणाला, "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो. बाबा कधी बोलले नाहीत."

"तू विचारलं होतंस?"

"नाही."

"मीही नाही," काका म्हणाले. "चल, जरा हात लाव. गाडीवर चढवायचंय."

त्याने हात लावला. दोघांनी मिळून मला हातगाडीवर ठेवले. काकांना वाटले असेल, आता हा काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "तुमची लिंबं तेवढी काढून न्या, काका. निकाल लागला की काम सुरू करणार आहे. लोखंड येऊन पडलंय." वाईट नव्हता तो. पण जागा सोडण्याइतका चांगलाही नव्हता.

लिंबे लेकीने काढली. झाड तोडले तेव्हा फिटरकाका घरात बसून होते. कुऱ्हाडीचा आवाज येत होता. आता तिथे गोदाम आहे. त्याची भिंत आमच्या भिंतीला चिकटलेली आहे.

मला शिंपीणबाईंना दिले नाही. काकांनी चौकटीतल्या विटांचा आतला थर स्वतः काढला. बाहेरचा तसाच ठेवला. बिजागऱ्यांना तेल दिले आणि लेकीच्या मदतीने मला माझ्या चौकटीत बसवले. तीन खाचांसमोर तीन खाचा आल्या. मी जराही अडले नाही. सुताराचे काम चोख होते.

लेक म्हणाली, "बाबा, याचा उपयोग काय आता?"

"तिचं टेबल होतं ते," काका म्हणाले. "आडवं ठेवून काय करू? बेतायला कोण आहे?"

मित्रांनो, मी दार आहे. मला उपदेश करता येत नाही. पण एवढे सांगते, की घरातल्या वस्तूंकडे कधीतरी नीट बघा. त्यांच्यावरचे कापड उचलून बघा. त्या कुठून आल्या, कुणी घडवल्या, पूर्वी काय होत्या, हे ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आणि ते माणूस आजारी असले तर त्याला जपा, पण त्याचे बोलणे मिटवून टाकू नका. ते काही सांगत असेल तर नुसते हो म्हणू नका. 'काय म्हणतेस?' असे उलट विचारा. धाप लागली तर थांबा, पाणी द्या आणि पुन्हा विचारा.

फिटरकाका आता रोज सकाळी माझ्याकडे येतात. आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुतात. नखे घासतात. वंगणाचे काम सोडून त्यांना कितीतरी वर्षे झाली, हात अगदी पांढरे आहेत, तरी धुतात. टॉवेलला पुसून उजेडात धरून बघतात. मग उंबऱ्यात क्षणभर थांबतात आणि आत येऊन माझी कडी काढतात.

मी उघडते. समोर विटा असतात. पूर्वी काकू जिथे मशीन ओढून बसत, त्या जागी ते खुर्ची ठेवतात आणि तिकडे तोंड करून, डोळे मिटून बसतात.